परदेशी मांडव : नवशिक्या वधुपित्यांसाठी पहिलं पुस्तक

पात्रता : एक मुलगी किंवा मुलगा, जो परदेशी शिकायला गेला आणि ज्याला विमानतळावर सोडून परतताना तुम्ही गाडीत बायकोला म्हणाला होतात, "दोन वर्षं काय, अशी जातील."

साहित्य : पारपत्र, संयम, एक वकील, एक गुरुजी, एक वसईचा मित्र, नारळ. सुकं खोबरं नको. का ते पुढे येईल.

मी बँकेतून निवृत्त झालेला, ठाण्याचा. आमच्या मुलीचं लग्न इटलीत पेरूजाजवळच्या टेकडीवरच्या गावात, कॅथलिक चर्चमध्ये झालं. तेव्हापासून सोसायटीत माझी बढती होऊन मी 'परदेशी लग्नांचे' झालो आहे. कुणाचा भाचा लंडनला असतो, कुणाचा मुलगा बँकॉकच्या बाजूला लग्न करायचं म्हणतो, की संध्याकाळी आमच्याकडे बेल वाजते. चहा आमचा जातो. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पायरी पहिली : बातमी ऐकणे

बातमी रविवारी व्हिडिओ कॉलवर येते. मुलगी म्हणते, "बाबा, त्याच्या आजीची फार इच्छा आहे की लग्न चर्चमध्ये व्हावं." इथे नवशिक्यांच्या हातून दोन चुका होतात. पहिली, "आधी जेवून घेऊ, मग बोलू" असं म्हणणं. दुसरी, हा कॉल स्पीकरवर असताना घरात थोरली बहीण असणं. माझी ताई आत्यापणाच्या अधिकाराने पुढे झाली आणि म्हणाली, "कॅथलिक म्हणजे त्यांच्यातले नक्की कोण?" पलीकडे जावई बसलेला होता. त्याने हसून हात जोडले. तेवढंच शिकून आला होता.

तिसरी चूक जरा सावकाश होते. आपण समजतो की चर्चमधलं लग्न म्हणजे कार्यालय घेण्यासारखं असतं : तारीख सांगा, अनामत भरा, फुलं आमची की तुमची ते ठरवा. आपल्याकडे लग्नाचा कारभार कार्यालय, आचारी आणि मुहूर्त या तीन खात्यांत वाटलेला असतो आणि तिन्ही खात्यांत ओळख लावता येते. तिकडे ओळख लागत नाही. तिकडे कागद लागतो.

पायरी दुसरी, जी पहिलीच्या आधी करायला हवी होती : तारीख

इटलीत लग्नांचा खरा बहर सप्टेंबरात. ऊन उतरलेलं, द्राक्षं तोडणीला आलेली. जावयाच्या घरच्यांनी सप्टेंबर सुचवला. आमच्या गुरुजींनी पंचांग उघडलं आणि मिटलं. सप्टेंबर म्हणजे चातुर्मास, आणि तिकडच्यांनी नेमका जो शनिवार धरला होता तो पितृपक्षातला. मग आम्ही मे सुचवला. आपल्याकडे मे म्हणजे लग्नांचा महिना. शाळांना सुट्टी, आंबे आणि आचारी मिळत नाही तो. जावयाची आजी म्हणाली, मे नको. तिथल्या जुन्या समजुतीत मे लग्नाला वाईट, आणि ही समजूत थेट रोमन काळापासूनची. मंगळवार आणि शुक्रवारही त्यांना वर्ज्य. त्या दिवशी लग्न करू नये, प्रवासालाही निघू नये, अशी त्यांची म्हणच आहे. ताईला हे ऐकून पहिल्यांदा त्या घराण्याबद्दल आदर वाटला.

शेवटी जूनचा शनिवार ठरला, आषाढी एकादशीच्या आधीचा. गुरुजी गोरज मुहूर्तावर खूश होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की जूनमध्ये तिथे सूर्य रात्री पावणेनऊच्या पुढे मावळतो. गोरजापर्यंत वऱ्हाड उपाशी ठेवावं लागलं असतं. आणखी एक सूचना : पंचांगातल्या वेळा भारतीय वेळेच्या असतात. त्यातून नुसते साडेतीन तास वजा करून मुहूर्त निघत नाही. सूर्योदय तिथला, लग्न तिथलं, गणित पुन्हा मांडावं लागतं. आमच्या एका नातेवाइकांनी वजाबाकीवर काम भागवलं होतं. त्यांचं लग्न राहूकाळात लागलं आणि अजून टिकून आहे. ते हल्ली मुहूर्ताविषयी बोलत नाहीत.

पाऊस पडला तर? आपल्याकडे म्हणतात, नवरीने लहानपणी खरवड खाल्ली असणार. इटलीत म्हणतात, भिजलेली नवरी भाग्याची. या एका बाबतीत त्यांचा धर्म घ्यावा.

पायरी तिसरी : कागद

इटलीत चर्चमध्ये लागलेलं लग्न कायद्यानेही लग्न ठरू शकतं. मुसोलिनीच्या सरकारने आणि व्हॅटिकनने १९२९ साली तसा करार केला, १९८४ साली तो बदलून घेतला. म्हणजे फादर हेच एका अर्थाने निबंधकही. मंगल विधी आटोपल्यावर ते दिवाणी कायद्याची तीन कलमं मोठ्याने वाचतात : १४३, १४४ आणि १४७. नवरा-बायकोचे हक्क नि कर्तव्यं सारखी, घर कुठे करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं, मुलांना वाढवायचं. मला हे भारी आवडलं. मंगलाष्टकं संपल्यावर गुरुजींनी हिंदू विवाह कायदा वाचायला घेतला असता तर पंगतीला माणूस उरला असता का, हा प्रश्न वेगळा.

पण तिथवर पोचायला मुलीला 'नुल्ला ओस्ता' हवा. हे एखाद्या पक्वान्नाचं नाव वाटतं. अर्थ आहे 'आमची हरकत नाही'. मुलगी अविवाहित आहे, तिच्या लग्नाला अडथळा नाही, असं आपल्या वकिलातीने लिहून द्यायचं. त्यासाठी आधी इथून अविवाहित असल्याचा दाखला, त्यावर अपोस्टिल नावाचा सरकारी शिक्का, त्याचं इटालियन भाषांतर. मग नगरपालिका दोघांची नावं ८ दिवस जाहीर फलकावर लावते, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. त्यानंतर १८० दिवसांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे हरकत घेणारे असे फलक वाचत नाहीत. ते थेट जेवायला येतात आणि मग हरकत घेतात.

दाखला मिळवताना एका खिडकीवर मला विचारलं गेलं, "मुलगी अविवाहित आहे, याचा पुरावा काय?" मी म्हटलं, "तिचं लग्न झालं नाही हाच." साहेब म्हणाले, "तो पुरावा नाही, तो अभाव आहे." घरी येऊन वाक्य लिहून ठेवलं. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात शोभलं असतं.

पायरी तिसरी, चालू : सूट

आता कसोटी लागते. बाप्तिस्मा झालेला कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांचं लग्न चर्चच्या कायद्याने मुळात अवैध. कलम १०८६. त्यासाठी बिशपकडून खास सूट काढावी लागते. सूट म्हणजे दिवाळीतली नव्हे. अर्ज, मुलाच्या बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, लग्नाआधीच्या वर्गांना दोघांनी हजर राहिल्याचा शिक्का, मुलाखती. मुलाने वचन द्यायचं की होणाऱ्या लेकरांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. मुलीकडून वचन मागत नाहीत. त्याने वचन दिलंय एवढं तिला कळवतात.

बायकोने हे ऐकलं आणि विचारलं, "मग बारसं?"

वसईचा मित्र समोर बसला होता. बँकेत आमचं टेबल शेजारी होतं. चार पिढ्यांचा कॅथलिक, आणि माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारा. तो म्हणाला, "वहिनी, बारशाविरुद्ध कलम नाही. घुगऱ्या मला पाठवा." नवशिक्यांनी असा एक मित्र आधीपासून जोडून ठेवावा. ऐन वेळी मिळत नाही.

गुरुजींची सूट मात्र चहाच्या एका कपात मिळते. मी विचारलं, पंचपल्लव आणता येणार नाहीत, युरोपात ताजी पानं न्यायला बंदी आहे, कसं करायचं? गुरुजींनी विचारलं, तिथे काय उगवतं? ऑलिव्ह, द्राक्षं, अंजीर. "अंजीर म्हणजे उंबराचाच भाऊबंद. चालेल." बिशपांना चार महिने लागले, गुरुजींना चार सेकंद. त्या वेळी मला आपल्या धर्माच्या लवचिकतेचा अभिमान वाटला. पुढच्याच आठवड्यात तो थोडा उतरला.

झालं असं. आम्हाला दोन्ही हवं होतं : सकाळी चर्च, संध्याकाळी मांडव. जेवणाच्या ताटात डावी-उजवी बाजू असते तसं. वसईकर म्हणाला, जरा थांब. कलम ११२७ बघ. चर्चमधल्या लग्नाच्या आधी किंवा नंतर त्याच लग्नाचा दुसरा असा धार्मिक विधी करता येत नाही, ज्यात संमती पुन्हा दिली-घेतली जाते. फादर आणि गुरुजी शेजारी उभे राहून आपापल्या पद्धतीने लग्न लावताहेत, तेही नाही.

तेव्हा फादर, गुरुजी, दोन्ही घरं आणि मधोमध दुभाषी म्हणून आमची मुलगी, असा व्हिडिओ कॉल लागला. इटलीत फादरना 'डॉन' म्हणतात आणि पुढे त्यांचं पाळण्यातलं नाव लावतात. माझा पुतण्या हे ऐकून खोलीबाहेर गेला तो परत आलाच नाही. डॉन सत्तरीचे, शांत, कागद-पेन घेऊन बसलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला : तुमच्या विधीत संमतीची जागा कुठली? वधूला कुठल्या क्षणी विचारतात?

गुरुजी म्हणाले, "विचारतात म्हणजे?"

"की तिची इच्छा आहे का."

गुरुजींनी मनातल्या मनात सगळं लग्न फिरवलं. पुण्याहवाचनात नाही. सीमांतपूजनात व्याही एकमेकांना भेटतात. कन्यादानात बाप देतो आणि नवरा 'नातिचरामि' म्हणतो, म्हणजे वचन देतो ते तोच, आणि देतो ते सासऱ्याला. अंतरपाट धरायला गुरुजी, मागे मामा. लाजाहोमात भाऊ. सप्तपदीत ती चालते. शेवटी गुरुजी म्हणाले, "त्यासाठीच तर 'सावधान' म्हणतो."

हे भाषांतर करताना मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता. 'सावधान' मनावर घेतलेला नवरा आपल्याकडे एकच प्रसिद्ध आहे, जांबचा नारायण. तो शब्द ऐकून मांडवातून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, अशी कथा आहे. पळालेल्या नवरीची कथा मला माहीत नाही.

डॉननी लिहून घेतलं. मग सावकाश म्हणाले की अंतरपाट, अक्षता, हळद, आहेर, या घरच्या चालीरीती. आदल्या दिवशी खुशाल करा, मीही येईन. अग्नीभोवतीचे फेरे, सात पावलं आणि वचनं मात्र नकोत. कन्यादान तर आमच्या मुलीनेच आधी वगळलं होतं. "मी वस्तू नाही" असलं काही ती म्हणाली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हाला द्यायला जमणार नाही. तुम्ही जुना रेडिओसुद्धा दिला नाहीत."

या गोंधळाला कायद्याची एक झालर आहे, ती वकिलाने सांगितली. चर्चला भीती की सप्तपदी केली तर दुसरं लग्न होईल. इकडे आपलं सर्वोच्च न्यायालय २००८ सालीच सांगून बसलंय की १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला दोघंही हिंदू असावे लागतात; त्या खटल्यात वर कॅथलिक होता आणि लग्न रद्दबातल ठरलं. म्हणजे जी सात पावलं डॉनना लग्न वाटत होती, ती आपल्या न्यायालयाला व्यायाम वाटली असती. ज्यांना हिंदू पद्धतीनेच पण कायदेशीर हवं असेल त्यांच्यासाठी इटलीत वेगळी वाट आहे : तिथल्या हिंदू संघाशी सरकारने करार केला आणि २०१२ च्या अखेरीस त्याचा कायदा झाला. संघाचं ठाणं लिगुरियात आल्तारे गावी, आश्रमात. मात्र दोन्ही वाटांनी एकाच बैलगाडीतून जाता येत नाही.

लग्नाआधी फादर वर आणि वधू यांची वेगवेगळी मुलाखत घेतात. शपथेवर. आईबापांना प्रवेश नाही. मी मुलीला नंतर विचारलं, काय विचारलं गं? "कुणी जबरदस्ती करतंय का. कुणाला खूश करायला हो म्हणतेस का. त्याच्याबद्दल असं काही माहीत आहे का की ज्यामुळे उद्या पस्तावशील."

"मग तू काय सांगितलंस?"

"ते गुप्त असतं, बाबा."

रात्री दिवा मालवल्यावर मी बायकोला विचारलं, "तुला कुणी विचारलं होतं का गं?"

"विचारलं होतं की. तुमच्या आईंनी. पोहे तूच केलेस का, असं."

मी कूस बदलली. ही पायरी पुस्तकात घालावी की नाही याचा बरेच दिवस विचार करत होतो.

सामान

इथे नवशिके पैसे आणि नातलग दोन्ही गमावतात. नीट वाचा.

युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, चक्का नाही. ताजी पानं-फुलं-फळं आरोग्यदाखल्याशिवाय नाहीत. पण या नियमाला काही मोजके अपवाद आहेत, आणि त्यांत नारळ आणि केळी आहेत. युरोपीय संघाच्या अधिकाऱ्यांत कुणीतरी सत्यनारायण घालणारा असावा. उलट सुकं खोबरं युरोपाला चालेल, विमानाला नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. कापूरही तसाच. विमानतळावर ताईच्या बॅगेतून कापराचे तीन डबे निघाले. सुरक्षावाल्याने विचारलं, हे काय? ताई म्हणाली, "देवाचं आहे." तो म्हणाला, "मग इथेच ठेवा."

तुपाचा प्रश्न बायकोने भाड्याच्या घरात सोडवला. दुकानातून तीन किलो बिनमिठाचं लोणी आणलं आणि कढवलं. बेरी करपत आली तेव्हा धुराची घंटा वाजली आणि खालच्या मजल्यावरून घरमालक धावत आला. त्याला तुपात परतलेला शिरा खाऊ घातल्यावर तो दुसऱ्या दिवशी हळदीला आला, आणि तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये आमच्या बाजूच्या बाकावर बसला.

वानवळ्याबद्दल एक सूचना. इटालियन लोक पाहुण्यांना 'कोन्फेत्ती' देतात. हे कागदाचे कपटे नव्हेत, साखरेत घोळवलेले बदाम; सुल्मोना गाव त्यासाठी नावाजलेलं. पाच देतात, विषमच हवेत : आरोग्य, संपत्ती, सुख, दीर्घायुष्य, संतती. आपण शंभराचा आहेर पाकिटात घालताना तो रुपया का चिकटवतो, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. उधळायच्या कपट्यांना ते 'कोरिआंदोली' म्हणतात, कारण पूर्वी साखरेत घोळवलेले धने उधळायचे. हॉटेलातल्या बिलाबरोबर येणारी आपली बडीशेप यांच्याच नात्यातली दिसते.

चर्चमध्ये कसं वागावं

चपला काढू नयेत. हे वऱ्हाडाला तीनदा सांगूनही चर्चच्या दारात आमच्या बाजूच्या चाळीस जोड्या ओळीने लागल्या होत्या. देवळाचा सेवक आधी गोंधळला, मग त्याने कोल्हापुरीची एक जोडी उचलून उलटसुलट करून पाहिली.

खांदे झाकलेले हवेत. पदर घेतला की झालं. साडी ही बाब बिशपांच्या सगळ्या नियमांत बसते. गाणी आधी मंजूर करून घ्यावी लागतात. चित्रपटांतून आपल्याला पाठ असलेली ती वॅग्नरची वधूप्रवेशाची धून बऱ्याच चर्चमध्ये चालत नाही, कारण ती ऑपेरातली, भक्तीची नव्हे. सनईला डॉननी परवानगी दिली. ऐकून म्हणाले, हे वाद्य रडतंय की हसतंय? आमच्याकडच्या कुणालाच नक्की सांगता आलं नाही.

समोरचा उठला की उठा, बसला की बसा. आदल्या रविवारी मिस्सेला आमचे काका रांगेत उभे राहिले, प्रसाद मिळतोय म्हणून, उजव्या तळव्याखाली डावा धरून. तो प्रसाद कॅथलिकांपुरता असतो. डॉननी काकांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढे पाठवलं. काका अजून सांगतात की पोपच्या माणसाने आपल्याला ओळखलं.

द्राक्षमळ्यात किंवा तळ्याकाठी लग्न हवं असेल तर विसरा. वधू बाप्तिस्मा न झालेली असेल तर चर्चऐवजी 'दुसऱ्या योग्य ठिकाणी' विधी करता येतो, असं कलम आहे खरं. पण योग्य म्हणजे काय ते बिशप ठरवतात, आणि बिशपांनी तुमच्या मुलीचं इन्स्टाग्राम पाहिलेलं नसतं.

इतर धर्मांबद्दल, भरभर

सांतोरिनी : निळे घुमट फोटोत. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न लावतच नाही. तिथे बिशपही सूट देत नाहीत, वसईचा मित्रही कामाचा नाही.

इंग्लंड : नोंदणी कार्यालयात लागलेलं दिवाणी लग्न आणि धर्म यांची सरमिसळ चालत नाही, त्या अर्ध्या तासात स्तोत्रसुद्धा नको. हॉटेलात गुरुजींनी लावलेलं लग्न कायद्याला सहसा दिसत नाही, म्हणून नोंदणी वेगळी करावी लागते. २०१२ पर्यंत तिथे लग्न सकाळी ८ ते संध्याकाळी ६ याच वेळेत लागू शकायचं. ज्यू आणि क्वेकर तेवढे सुटलेले. म्हणजे उन्हाळ्यातला गोरज मुहूर्त पिढ्यानपिढ्या बेकायदेशीर होता. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. होमाच्या धुराने कुठल्या सभागृहाची घंटा वाजते, हे सांगायला तिथे एखादे काका नक्की भेटतील.

इस्राएल : तिथे दिवाणी लग्नच नाही. ज्याचा त्याचा धर्मच लग्न लावतो, आणि धर्म वेगळे असतील तर जोडपं विमानात बसून सायप्रसला जातं, लग्न लावतं आणि परत येऊन नोंद करतं. ठाण्यात आमच्या लहानपणी शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं, मलिदा आमच्याकडे यायचा. ते तिकडे गेले. १९६४ पर्यंत तिथल्या रब्बींनी या कोकणातल्या ज्यूंचं ज्यूपणच तपासायला घेतलं होतं. मोठं आंदोलन झालं तेव्हा मिटलं. आता त्यांच्या नातवाचं लग्न : मंगळवारी, कारण मंगळवार त्यांच्यात शुभ. सृष्टी घडवताना त्या दिवशी देव दोनदा 'छान झालं' म्हणाला. छताखाली, पण आकाशाखाली. शेवटी नवऱ्याने काचेचा पेला पायाने फोडायचा. आदल्या रात्री मेंदी आणि मराठी गाणी. त्यांनी मला विचारलं, तारखेला काही हरकत? मी ताईला मंगळवार सांगितलाच नाही.

थायलंड : इथे जरा थांबतो, कारण ही कथा बँकेतल्या दुसऱ्या मित्राची आहे. त्याच्या वडिलांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. मुलाचं लग्न थाई मुलीशी ठरलं तेव्हा तो म्हणाला, "एकदाचं बौद्ध देशात बौद्ध लग्न." तिथे गेल्यावर कळलं की थाई भिक्खू लग्न लावत नाहीत. ते सकाळी येतात, सूत्रं म्हणतात, दान घेतात आणि दुपारी बाराच्या आत जेवून जातात. बायकांनी त्यांना स्पर्श करायचा नाही. मग वधूवरांच्या डोक्यांवर पांढऱ्या दोऱ्याची कडी बसवली, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकेक करून त्यांच्या जोडलेल्या हातांवर शंखातून पाणी ओतलं. ही चाल तिथे जुन्या ब्राह्मणी विधीतून आलेली. माझा मित्र रांगेत उभा होता, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. त्याची पाळी आली, हातात शंख आला. त्याने माझ्याकडे मान वळवली. "इतक्या लांब आलो," तो म्हणाला, "आणि पुन्हा शंखच?" मग ओतलं पाणी. संध्याकाळी त्याने आपल्या पद्धतीने त्रिशरण आणि पंचशील म्हणवून घेतलं, सून मराठी उच्चारांत म्हणाली, आणि त्यांच्यापैकी ज्यांना पाली येत होतं ते सगळे बरोबर म्हणू लागले. कायदेशीर लग्न मात्र तिसऱ्याच दिवशी, जिल्हा कार्यालयात, टोकन घेऊन.

पायरी शेवटची : अक्षता

आदल्या संध्याकाळी अंगणात अंतरपाट धरला. जावयाच्या आजीला अंतरपाट फार आवडला. तिने विचारलं, लग्नानंतर हा घरात लावून ठेवतात का? त्याची सोय अधूनमधून व्हायला हवी, असं तिचं मत होतं. डॉन पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्याही हातात अक्षता दिल्या होत्या आणि ते प्रत्येक 'सावधान'ला माझ्या मुलीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिला विचारलं गेलं. तिने तिच्या भाषेत नाही, त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, पण मोठ्याने दिलं. आमच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. कलमं वाचली गेली, सह्या झाल्या, घंटा सुरू झाल्या. नवशिक्यांना सांगतो, यापुढे तुम्हाला काही शिकवावं लागत नाही : दार उघडतं, नवरा-नवरी बाहेर येतात आणि इटालियन माणसं त्यांच्यावर तांदूळ फेकतात. आमच्या वऱ्हाडाने तर पिशव्या भरूनच आणल्या होत्या. त्यांचे पांढरे, आमचे कुंकवाचे. पायऱ्या संगमरवरी आहेत आणि कुंकू लागतं, हे कुणालाच सुचलं नव्हतं. सेवक झाडू घेऊन आला, तो थांबून राहिला.

चर्चला अकरा पायऱ्या. दोघं हात धरून उतरत होते आणि बायको त्यांच्यापुढे फोन धरून उलटी उतरत होती, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत. मला वाटलं, पडेल. सातव्या पायरीवर तिने हात वर करून त्यांना थांबवलं.

"एक मिनिट हं," ती म्हणाली. "फोटोसाठी."

मी वर पाहिलं. दारात डॉन उभे होते, हाताची घडी घालून. त्यांनी पायऱ्या मोजल्या होत्या की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.